त्रिंबकरावांचे दोष

उमापूर,
२ डिसेंबर २०२४

आक्का,

पाया पडते. सोबत शेवया पाठवल्यात, कारण नुसता नमस्कार पोचला की नाही ते कळत नाही, असं तुमचंच म्हणणं. फोन करण्यात अर्थ नाही. मागच्या वेळी मी तुमच्या गुडघ्यांचं विचारलं आणि तुम्ही मला लोणच्याची कृती सांगितली. माझं ओरडणं साऱ्या गल्लीला ऐकू गेलं, तुम्हाला तेवढं गेलं नाही. म्हणून पत्र.

तुमच्या भावाला जाऊन येत्या फेब्रुवारीत वर्ष होईल. अंगदनं प्रथम पुण्यस्मरणाची तयारी आतापासून सुरू केली आहे. ती बघून वाटतं, ह्या घरातला माणूस गेला नाही, निवडून आला आहे. दुपारी कीर्तन, मग भाषणं, मग जेवण. प्रमुख पाहुणे पक्षाचे पुढारी अभिमन्यूदादा. झेडपीच्या निवडणुका कधी लागतील ते देवालाही ठाऊक नाही, पण तुमच्या भाच्याला त्या स्टेजवरच तिकिटाचं दादांच्या तोंडून वदवून घ्यायचं आहे. बापाचं वर्षश्राद्ध आणि पोराचं बारसं एकाच मांडवात.

स्टँडवर मोठं फ्लेक्स लागलं आहे. त्यात दादा कमरेपर्यंत आहेत, अंगद छातीपर्यंत आहे आणि हे वरच्या कोपऱ्यात, पोस्टाच्या तिकिटाएवढे. डोक्यावर फेटा. दात पांढरेशुभ्र. आक्का, तंबाखूनं ज्या माणसाचे दात विटेसारखे झाले होते, त्याला फ्लेक्सवाल्यानं दातांच्या मंजनाच्या जाहिरातीत बसवलं आहे.

मातीच्या दिवशी तुम्ही माझ्या शेजारीच बसला होतात, पण स्मशानातली भाषणं तुम्हाला ऐकू आली नाहीत. देवाचे उपकार. मला सगळी ऐकू आली, कारण कर्ण्याचं तोंड गावाकडं केलं होतं. आपल्याकडं सरण पेटायच्या आधी पुढारी बोलतात आणि कोण आधी, कोण नंतर ते ठरवायला माईकवर एक माणूस लागतो. पंचक्रोशीत तो माणूस म्हणजे हेच होते. शेती नावाला, खरं नाव झालं ते माईकवर. लग्न, सत्कार, हळदीकुंकू, आणि सगळ्यात जास्त मागणी मातीला. आता ह्यांच्याच मातीला ह्यांना कुठून बोलवणार? म्हणून ह्यांच्या हाताखालच्या बंकटनं माईक धरला. "दादा निघालेत, दादा मांजरसुंब्याला गर्दीत अडकलेत, दादा बीडच्या पुढं आलेत," असं त्यानं इतक्या वेळा सांगितलं की ह्यांना उन्हात ठेवलंय हे लोक विसरले आणि दादांचीच काळजी करू लागले.

दादा आले आणि बोलले. "त्रिंबकराव म्हणजे अजातशत्रू व्यक्तिमत्त्व. कुटुंबवत्सल. चालतंबोलतं विद्यापीठ. त्यांच्या जाण्यानं समाजाची न भरून निघणारी हानी." आक्का, ह्यातला एकेक शब्द ह्यांनी आमच्या स्वयंपाकघरात बसून जुळवलेला होता. दुसऱ्यांसाठी. मी कांदा चिरत असायची आणि हे समोर उभं राहून म्हणून दाखवायचे. "रडू आलं का?" "आलं." "कोणत्या वाक्याला?" "कांद्याला." गावातल्या प्रत्येक भामट्याला ह्यांनी अजातशत्रू करून ठेवलं. स्वतःची वेळ आली तेव्हा शब्दच उरला नाही, सगळे वापरून झालेले. शेवटी बंकटनं उपस्थितांचे आभार मानले आणि कार्यक्रम संपल्याचं जाहीर केलं. मग अग्नी दिला.

त्या सकाळचं तुम्हाला ठाऊक आहे. मोटार चालू करायला विहिरीवर गेले, मोसंबीच्या बांधावर टेकले ते उठलेच नाहीत. निघताना मला म्हणाले, "ह्या चहात साखर हाय का नुसता रंग हाय?" मी म्हणाले, "रंगच हाय. प्या." एवढ्या वर्षांच्या संसारातलं हे आमचं शेवटचं बोलणं.

आता माझं दुखणं सांगते. वर्षभर जो येतो तो तीच भाषणं ऐकवतो. ऐकून ऐकून असं झालंय की डोळे मिटले की मला फेटा बांधलेले, पांढऱ्या दातांचे त्रिंबकराव दिसतात. त्यांच्याशी माझं लग्न झालेलं नाही. माझा माणूस आधी गेला, आणि आता हरवत चालला आहे. मला भीती वाटते, आक्का.

तुम्ही त्यांना जन्मापासून ओळखता. त्यांचे दोष कळवा. गुण पुष्कळ जमलेत.

तुमची
सुंदर


परळी,
१६ डिसेंबर २०२४

सुंदर,

नावाआधी 'सौ.' लिहिणार होते, हात थांबला. 'गं. भा.' लिहायला हात उठेना. म्हणून नुसतं सुंदर.

शेवया पोचल्या. वाळत घातलेल्या कपड्यांवर इथं रोज वीजकेंद्राची राख बसते, तुझ्या शेवयाच तेवढ्या पांढऱ्या दिसल्या.

दोष मागितलेस. माझ्या भावाचे दोष सांगायला मी म्हातारपणाची वाट बघत होते असं समज. आजवर कुणी विचारलंच नाही.

पहिला: चोर होता. आईनं उतरंडीत ठेवलेला गूळ खायचा आणि तोंड पुसून मला म्हणायचा, "आक्के, तुज्या ओठाला लागलाय बघ." मार मी खाल्ला. दुसरा: खोटारडा. दहावीला गणितात आपटला तेव्हा वडिलांना म्हणाला, बोर्डाकडून ह्या साली गणिताचे पेपर हरवलेत. वडील त्या काळात निजामाच्या गोष्टी सांगणारे, सरकारवर त्यांचा कसलाच विश्वास नव्हता, त्यांना ते पटलं! गावभर सांगत फिरले. तिसरा: भित्रा. पाल दिसली की बाजेवर चढून मला हाका मारायचा. मी सासरी गेल्यावर त्यानं कुणाला हाका मारल्या हे तू सांग.

आणि हे माईकचं खूळ तू समजतेस तसं नंतरचं नाही. आमची एक शेळी मेली. हा आठ-नऊ वर्षांचा असेल. गल्लीतली सगळी पोरं गोळा केली, शेळीला गवताचा हार घातला, आणि तिनं दिलेल्या दुधाबद्दल असं काही बोलला की दोन पोरी रडायला लागल्या. मग म्हणाला, "आता दोन मिन्टं गप हुबं ऱ्हायचं." आई पळी घेऊन आली. मार खाताना सुद्धा हा आम्हाला खुणेनं सांगत होता, हलू नका, दोन मिनिटं व्हायची आहेत.

माझ्या पाठवणीला इतका रडला की वऱ्हाडातली एक म्हातारी विचारत होती, नवरी नेमकी कोणती?

लिहिताना खूप हसले. मग शेजारीण बघायला आली, आक्काला काय झालं म्हणून, कारण हसता हसता मी मोठ्यानं रडत होते आणि मला ते ऐकू येत नव्हतं. धाकटा भाऊ आधी जावा हे बरं नाही, सुंदर. देवाला गणित येत नाही, तोही त्रिंबकसारखाच.

आता तुझे पाठव.

आक्का


उमापूर,
३० डिसेंबर २०२४

आक्का,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पालीचं वाचून मोठ्यानं ओरडले, "अगं बाई!" कारण ती हाक पुढं मला आली. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात. मला वाटलं, नवऱ्याला काही झालं, धावत गेले, तर नवरदेव बाजेवर उभे. "ती बघ, ती बघ!" त्या दिवशी मला कळलं की घरात पुरुष मीच आहे.

आता माझी बाजू. कोणत्याही कार्यक्रमाहून घरी येताना ह्यांच्या पायात स्वतःच्या चपला कधी नसायच्या. डावी एकाची, उजवी दुसऱ्याची. दुसऱ्या दिवशी दोन माणसं दारात यायची, आणि हे दोघांचा एकमेकांशी परिचय करून द्यायचे! लग्नातल्या बुंदीचे लाडू धोतराच्या सोग्यात बांधून आणायचे, वाटेत स्वतःच खायचे आणि मला सांगायचे, "तुज्यासाटी आनलते, पन भूक लागली."

जेवायला बसले की माईक नसला तरी सुरू. "यानंतर आपल्यासमोर येत आहे, गरमागरम बाजरीची भाकरी. मी ठेच्याला विनंती करतो की त्यानं दोन शब्दांत आपलं मनोगत व्यक्त करावं." मी म्हणायची, "गिळा." तर म्हणायचे, "अध्यक्षांच्या सूचनेवरून पुढच्या कार्यक्रमाकडं वळतो."

एवढं सगळं म्हणायचे, पण आक्का, मला मात्र उभ्या जन्मात चांगलं म्हटलं नाही. गावातले दारुडे, सावकार, दोन-दोन घरं मोडणारे, सगळ्यांसाठी शब्द होते. मी एकदा म्हणाले, माझ्याबद्दलही काहीतरी बोला. तर म्हणाले, "तू आदी मर, मग बोलतो." मी पोळपाट फेकला. चुकवला. ह्यांना भाषण जमायचं आणि पोळपाट चुकवायला जमायचं, तिसरी कला नाही.

मजा म्हणजे, हे सगळं लिहिलं तसे फेटेवाले त्रिंबकराव जरा मागं सरकले. काल सकाळी चहा ठेवताना ह्यांचा खाकरण्याचा आवाज अगदी स्पष्ट आठवला. तंबाखू थुंकायला अंगणात जातानाचा. मी चहा तसाच ठेवून किती तरी वेळ उभी राहिले.

घरात मात्र भडका उडाला आहे. मी एकटी बसून तुमचं पत्र वाचत हसत होते ते सुनेनं, स्वप्नालीनं, पाहिलं. तिनं अंगदला सांगितलं. अंगद आला, पत्र वाचलं. म्हणाला, "आई, आप्पांची बदनामी कावून करायलीस? वर्षसुद्धा झालं न्हाई." मी म्हणाले, "अरे, तुझा बाप तुला आठवतो का?" तर म्हणाला, "आठवतो की. आजातशत्रू व्हता." माझ्या पोटचा पोर, आक्का. ज्याला बापानं नदीत पोहायला शिकवताना स्वतःवरच बुडायची वेळ आणली होती, तो.

तुमची
सुंदर


उमापूर,
१२ जानेवारी २०२५

आदरणीय आत्या,

सविनय नमस्कार. आपणास विदित आहेच की आपल्या कुटुंबाचे आधारवड, आमचे प्रेरणास्थान, स्व. त्रिंबकराव आप्पा यांचे प्रथम पुण्यस्मरण रविवार दि. ९ फेब्रुवारी रोजी आयोजित केले आहे. तालुक्यातील व जिल्ह्यातील मान्यवरांची उपस्थिती राहणार आहे.

आत्या, स्पष्ट लिहितो. आईची तब्येत मला ठीक दिसत नाही. ती एकटीच हसते. आप्पांचा विषय निघाला की चपला, तंबाखू, पाल असलं काही काढते. परवा गेवराईहून पाहुणे भेटायला आले, तर त्यांच्यासमोर म्हणाली, "ह्यांना गणित येत नव्हतं." पाहुणे बँकेतले होते.

त्या दिवशी आईनं स्टेजवर दादांच्या शेजारी शांत बसावं, एवढीच माझी अपेक्षा आहे. काही बोलायची गरज नाही. दादा बोलतील. आप्पांचं नाव मोठं राहिलं तर माझंही काही होईल. आप्पांनी सगळ्यांसाठी माईक धरला, पण स्वतः कधी खुर्चीवर बसले नाहीत, हे मला लहानपणापासून लागलं आहे. लोक त्यांना "ए त्रिंबक, माईक चालू कर" म्हणायचे, तेव्हा मी तिथं उभा असायचो. हे आईला कळत नाही.

तिला आपण समजवावं. ती फक्त आपलं ऐकते. येण्यासाठी गाडी पाठवतो.

आपला नम्र,
अंगद त्रिंबकराव
युवा कार्यकर्ता


परळी,
२० जानेवारी २०२५

अंगद,

तुझ्या पत्रात वाक्यं छान आहेत. बापाचीच आहेत, हात तेवढा तुझा.

आई एकटी हसते म्हणून घाबरू नकोस. तिनं एकटीनं रडावं अशी व्यवस्था तुम्ही केली होती, तिनं त्यातून हे काढलं आहे. तू मोठा हो, खुर्चीवर बस, मला काही म्हणायचं नाही. 'ए त्रिंबक' ऐकून तुला लागलं ते मात्र वाचलं, आणि मलाही लागलं. तेवढी एकच ओळ तुझी स्वतःची होती. तिकिटासाठी भाषण करशील तेव्हा ती बोल.

मी येते. तुझ्या आईला मी स्टेजवर बसायला सांगते. शांत बसायला सांगायचं काम माझ्याच्यानं होणार नाही, ते तुझ्या बापालाही जमलं नव्हतं.

आत्या


परळी,
१४ फेब्रुवारी २०२५

सुंदर,

सुखरूप पोचले. गाडीच्या ड्रायव्हरनं वाटेत मला तीनदा काहीतरी विचारलं आणि मी तीनदा "हो" म्हणाले, त्यामुळे आम्ही मांजरसुंब्याला तीनदा चहा प्यालो.

आता मला सांग, तू त्या माईकवर काय बोललीस? पाच दिवस मी डोकं खाजवते आहे. कीर्तनाच्या वेळी कर्ण्यानं असा कर्कश आवाज काढला की मी कानातलं यंत्र काढून पिशवीत टाकलं. मग काही ऐकू आलं नाही, फक्त दिसलं. तुझे दादा आले नाहीत ते दिसलं. जेवणासाठी लोक चुळबूळ करायला लागलेले दिसले. बंकट माईकवर घाम पुसताना दिसला. आणि मग तू खुर्चीवरून उठून त्याच्या हातातला माईक घेतलास. अंगद तुझ्याकडं धावला आणि मधेच थांबला.

तुझे ओठ हलत होते आणि मांडवातले सगळे लोक हसत होते. सुंदर, सगळे! बायका पदर तोंडात कोंबून, पुरुष मांड्यांवर हात मारून. वर्षश्राद्धाला! माझ्या भावाच्या! मला वाटलं, विधवा बाई बोलायला उठली म्हणून हे तिला हसतात. माझं डोकं फिरलं. माझ्या पुढंच बंकट येऊन बसला होता, तोही हसत होता, म्हणून मी त्याच्या पाठीत काठी घातली. मग त्याच्या शेजारच्याच्या. मी उठून सगळ्यांना शिव्या दिल्या, "लाजा वाटत न्हाईत का रे?" असं काहीतरी. त्यावर लोक आणखीच हसले. बंकट मागं वळला तेव्हा त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी त्याला काठीनं लागलं समजले. आता वाटतं, तसं नसावं.

गाडीत बसताना ज्याला विचारलं त्यानं वेगळं सांगितलं. स्वप्नाली म्हणाली, सासूबाईंनी व्याख्यान दिलं. कीर्तनकार म्हणाले, माऊलींनी तत्त्वज्ञान सांगितलं. बंकटनं माझ्या पाया पडून सांगितलं, "आक्का, मारा अजून, पन असं पुन्यस्मरन कंदी झालं न्हाई."

मग दादा आले, बोलले, आणि लोक पुन्हा हसले. ते का? सगळं लिही. आणि बंकटला सांग, आक्कानं माफी मागितली नाही, पण शेवग्याच्या शेंगा पाठवते.

आक्का


उमापूर,
२७ फेब्रुवारी २०२५

आक्का,

बंकट काठीचा वळ गावभर दाखवत फिरतो आहे. शेंगांची त्याला गरज नाही, पण पाठवा.

मी बोलायचं ठरवलं नव्हतं. दादा पुन्हा मांजरसुंब्याला अडकले होते. त्या गावात काय आहे कोण जाणे, दादांना ते सोडतच नाही. बंकट वेळ काढायला तेच सुरू करून बसला, अजातशत्रू, कुटुंबवत्सल. मला ते ऐकवेना. उठले, माईक घेतला आणि म्हणाले, "हे बगा, मी ह्यांची बायको हाय. मला भाषन येत न्हाई. ह्यांचे दोष तेवढे येतात, ते सांगते."

आणि सांगितले. तुमचा गूळ, शेळी, गणिताचे पेपर. पालीचं सांगितलं तेव्हा पहिल्यांदा हसू फुटलं. चपलांचं सांगितलं तर मागून एक जण ओरडला, "माजी अजून मिळाली न्हाई!" मग तर मांडव कोसळायची वेळ आली. एकेक जण उठून स्वतःचं सांगायला लागला. ठेच्याच्या मनोगताला अंगद हसला, आक्का. मधे उभा होता तो स्टेजच्या कडेला पाय सोडून बसला आणि लहान पोरासारखा हसला. मग तोंड फिरवून बसला, पाठ हलत होती. वर्षभरात त्या पोरानं डोळ्यातून टिपूस काढलं नव्हतं.

शेवटी मी म्हणाले, "आनि सगळ्यात मोटा दोष. लई खोटं बोलायचे. गावातला एकबी मेलेला मानूस ह्यांनी वाईट राहू दिला न्हाई. चांगल्याला चांगलं आनि नालायकालाबी चांगलं. सगळं खोटं. मी कांदा चिरत ऐकलंय." ह्यावर सगळ्यात जास्त हसले. नेमके तेव्हाच दादा आले, माईक घेतला, आणि पहिलंच वाक्य: "त्रिंबकराव म्हणजे अजातशत्रू." लोक असे हसले की पुढचं त्यांना बोलताच आलं नाही. बिचारे आपला सदरा चाचपून बघत होते, बटण तर उघडं नाही ना. न जेवता गेले. अंगदचं तिकीट गेलं असं स्वप्नाली म्हणते. जे मिळालं नव्हतं, जी निवडणूक लागली नाही, तिचं तिकीट. अंगदनं दुसऱ्या दिवशी स्वतः शिडी लावून फ्लेक्स उतरवलं आणि मोसंबीवर सावलीला बांधलं.

माझा माणूस मला परत मिळाला होता, आक्का. तुम्ही निघालात त्या संध्याकाळी मी पोटभर जेवले. इथंच पत्र संपवायचं होतं.

पण परवा भिवराबाई आली. तुम्ही तिला ओळखत नाही. गावाच्या खालच्या अंगाला राहते, दर साल ऊसतोडीला जाते, ह्या साली तेवढी गेली नाही. तिचा नवरा दारू प्यायचा आणि तिला मारायचा, हे सगळ्या गावाला ठाऊक. तो मेला तेव्हा मातीला एकही पुढारी आला नाही. हे मात्र स्वतःचा स्पीकर मोटारसायकलवर बांधून घेऊन गेले. मी तेव्हा भांडले होते, त्या राक्षसासाठी कशाला शब्द वाया घालवता? ह्यांनी ऐकलं नाही.

भिवराबाई दारातच उभी राहिली. बस म्हटलं तर बसली नाही.

"वैनी, तुमी त्या दिशी त्रिंबकभाऊंना खोटारडं म्हनलात."

मी म्हणाले, "अगं, गमतीनं."

"सगळे हसले. मी न्हाई हसले." पुढं म्हणाली, "मातीच्या दिशी भाऊ माज्याकडं आलते. म्हनले, वैनी, दोन शब्द बोलायचेत, मानसाचं एकांदं चांगलं सांगा. मी म्हनलं, न्हाईच कायी, काय सांगू? ते उटनात. तितंच बसून राह्यले. माजी करिष्मा कोपऱ्यात बसलेली. तिच्याकडं बगत व्हते. मग मीच म्हनलं, ही बारकी असताना तापानं फनफनली व्हती. नाल्याला पानी. तुमच्या बांधावरनं, खांद्यावर घालून, पल्याडच्या गावाला डाक्टरकडं नेलतं. मीच नेलतं. ह्ये घरी पिऊन पडलेलं. पन भाऊ, तुमी माईकवर म्हना, त्येंनी नेलं."

"मग?"

"भाऊंनी तेच सांगितलं. सारं गाव ऐकत व्हतं. निम्म्या गावाला ठाव हाय कोन नेलतं, पन कुनी तोंड उगडलं न्हाई. इतकं ब्येस सांगितलं वैनी, मलाबी वाटलं, त्येंनीच नेलतं का काय. पोरगी सासरी सांगती, माजा बाप मला खांद्यावर घेऊन पान्यातनं पळत गेलता. तिच्याजवळ तेवढाच बाप हाय."

स्वप्नालीनं माझ्या भाषणाचा व्हिडिओ काढून सगळीकडं पाठवला होता. तो फिरत फिरत केजकडं, करिष्माच्या सासरी गेला. पोरीनं आईला फोन करून विचारलं, सुंदरकाकू म्हणतात सगळं खोटं होतं, मग माझंही खोटं का? भिवराबाईनं फोन ठेवून दिला. दोन दिवस पोरीचे फोन येत होते आणि ही उचलत नव्हती.

मी तिथंच उंबऱ्यावर बसले, आक्का. वर्षभर मी म्हणत होते, ह्यांच्याबद्दल कुणी खरं बोलावं. आणि मी खरं बोलले तर ते हे असं कुठं जाऊन लागलं. प्रत्येक मातीच्या आधी हे एकेका घरी जाऊन बसायचे, हे मला माहीतच नव्हतं. मला वाटायचं, चहा प्यायला जातात.

मी म्हणाले, "लाव फोन."

तिनं लावला, सगळ्यांना ऐकू येईल असा केला. मी म्हणाले, "करिष्मा, मी सुंदरकाकू. माजे मालक खोटं लई बोलायचे, ते खरंच हाय. पन तुज्या बापाचं ते खरं व्हतं. आमच्या बांधावरनं गेला तो. मी मोसंबीत उभी व्हते, माज्या डोळ्यानं पाह्यलं."

पोरगी हळूच म्हणाली, "काकू, मी कंच्या खांद्यावर व्हते?"

मी भिवराबाईकडं पाहिलं. तिनं हात उचलून स्वतःच्या डाव्या खांद्यावर ठेवला.

मी म्हणाले, "डाव्या."

तुमची
सुंदर